सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती सागरी अभयारण्य आहे म्हणतात, मग तिथे ना गेट ना कुंपण, असं कसं?

मी गोंदिया जिल्ह्यातला, नवेगावबांधच्या बाजूच्या खेड्यातला. आमच्याकडे अभयारण्य म्हटलं की नाका, पावती, जिप्सी, गाईड. मालवणच्या जेटीवर मीही नाववाल्या काकांना हेच विचारलं होतं. त्यांनी नुसती खाली पाण्याकडे खूण केली.

अभयारण्य खरंच आहे. १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र साधारण २९ चौरस किलोमीटर. त्यातला तीनेक चौरस किलोमीटरचा भाग कोअर, म्हणजे सगळ्यात जपायचा गाभा: किल्ला, त्याच्या शेजारचं पद्मगड बेट आणि आसपासचे पाण्यात बुडालेले खडक. बाकी सगळं बफर, म्हणजे त्या गाभ्याभोवतीचा पट्टा. म्हणजे आमच्याकडच्या नागझिरा अभयारण्यासारखंच, फक्त जपायचं ते पाण्याखाली.

आमच्या बोडीत, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यात, डोळे उघडले तर गढूळ पाण्याशिवाय काही दिसत नाही. इथे मास्क लावून तोंड पाण्यात घातलं आणि खाली मेंदूसारख्या वळ्यांचा एक गोल दगड दिसला, भोवती काळ्या पट्ट्यांचे पिवळसर मासे. दम लागला म्हणून त्यावर पाय टेकवायला गेलो, तर सोबतच्या पोराने दंड धरून वर ओढलं. तो दगड नव्हताच, प्रवाळ होतं. हजारो बारीक जीव एकमेकांना चिकटून राहतात, चुन्याचं घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ असतं, बरंचसं अन्न तेच पुरवतं. पाणी जास्त तापलं की हे शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. वाढ इतकी हळू, की एका नांगराने मोडलेलं भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.

मालवणच्या मच्छीमारांचा अभयारण्याला विरोध झाला, तो मला कळतो. जंगल बंद झालं की मोहफुलं, तेंदूपत्त्याचं काय, ही धास्ती आम्ही घरात ऐकलेली आहे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्या मच्छीमाराला वगळून हा समुद्र राखता येईल, असं मला अजिबात वाटत नाही. कुठे खडक आहे आणि कुठे नुसती वाळू, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

जाणार असाल तर पावसाळा सोडून जा. प्रवाळावर नांगर टाकू देऊ नका, प्रवाळाचा तुकडा विकत घेऊ नका. वन्यजीव कायद्यात ते वाघाच्याच अनुसूचीत आहे. आणि डॉल्फिन दिसले तर पाठलाग नको. आम्ही इंजिन बंद करून गप्प बसलो, तेव्हा दोन करड्या पाठी नावेला लागूनच गेल्या. श्वास सोडल्याचा फुस्स आवाजसुद्धा ऐकू आला.