ग्रीनकार्ड असूनही सूनबाई अजून कोथरूडातच

"नवऱ्याकडे ग्रीनकार्ड आहे, मग माझाच व्हिसा का अडलाय? तो काही लपवतोय का?" लग्न होऊन पुण्यातच राहिलेल्या मुली हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात. बरोबर बहुतेक वेळा आईसुद्धा असते.

केतकी (नाव बदललं आहे) मात्र एकटीच आली, सासूबाईंशी झालेल्या खडाजंगीनंतर. लग्नानंतर महिन्याभरात निखिल न्यू जर्सीला परतला आणि ही कोथरूडला सासरी. "आता काय, जायचंच आहे" म्हणून नोकरी आधीच सोडलेली. शेजारच्या विंगमधली सून लग्नानंतर काही महिन्यांतच उडाली, आणि तिच्या नवऱ्याकडे तर नुसता एच-१बी, म्हणजे नोकरीपुरता तात्पुरता व्हिसा! लिफ्टमध्ये भेटेल तो विचारतो, "अगं, अजून इथेच?" केतकीने मनाशी हिशेब मांडला की तिकडे दुसरी कोणीतरी असणार. रात्री व्हिडिओ कॉलवर ती निखिलला मोबाईल फिरवून सगळं घर दाखवायला लावायची, अगदी बाथरूमचं दारसुद्धा. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

मी वकील नाही. पण इथे कायदा कळल्याशिवाय संशयाची गाठ सुटत नाही. एच-१बीवाल्याची बायको एच-४ वर जाते आणि त्या व्हिसाला वार्षिक कोटा नाही. ग्रीनकार्डवाल्याने मात्र बायकोसाठी आय-१३० हा अर्ज भरायचा आणि बायकोने एफ-२ए या रांगेत उभं राहायचं. ग्रीनकार्डधारकांचे जोडीदार आणि अविवाहित मुलं यांच्यासाठी कायद्याने वर्षाला १,१४,२०० व्हिसा ठेवलेत, त्यातले किमान ७७ टक्के जोडीदार आणि २१ वर्षांखालच्या मुलांच्या या रांगेला; तेही साऱ्या जगात मिळून. अर्ज दाखल झाल्याची तारीख ती तुमची प्रायॉरिटी डेट. ती आली का, हे अमेरिकी सरकारच्या दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये बघायचं. २०१९च्या जुलैपासून २०२३च्या मार्चपर्यंत ही रांग जवळजवळ नव्हतीच, एप्रिल २०२३मध्ये तारखा एकदम मागे गेल्या, म्हणजे फक्त जुन्या अर्जांचाच नंबर लागू लागला. म्हणून 'आमच्या भाचीचं तर लगेच झालं' हेही खरं असतं आणि केतकीचं अडलेलं असणंही खरं.

निखिलचं ग्रीनकार्ड नोकरीतून आलेलं. ते मंजूर होण्याआधी लग्न झालं असतं, तर त्याच अर्जाच्या आधारावर बायकोलाही मिळू शकलं असतं. लग्न झालं नंतर. पत्रिका दोन गुरुजींना दाखवली होती, पण ग्रीनकार्ड कधी मिळालं ते बैठकीत कोणी विचारलं नाही.

पुढच्या वेळी निखिलला व्हिडिओवर घेतलं. अर्जाची पावती त्याच्याकडे होती, केतकीने ती कधी पाहिलीच नव्हती. "तिला टेन्शन नको म्हणून नाही दाखवली, मॅडम." वर्षं लागतील हे त्याला साखरपुड्याआधीच माहीत होतं आणि आईने मुलीकडच्यांना "सहा महिने" सांगितलेलं त्याने ऐकूनही घेतलं होतं. बाई नव्हती, पण लपवाछपवी होतीच. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "स्थळ हातचं गेलं असतं."

केतकीचे दोन उपाय ठरलेलेच होते. पहिला, टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथेच राहायचं. आपल्या नावाने कायमच्या वास्तव्याचा अर्ज झालाय हे त्या फॉर्ममध्ये सांगावंच लागतं, आणि परत येईन हे पटवणं आपल्यावर असतं. खोटं लिहिलं तर पुढचा व्हिसाही कायमचा बंद होऊ शकतो. तेव्हा आधी वकील. दुसरा, निखिलनेच वर्षभर पुण्यात येऊन राहावं. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की नागरिकत्वाचा हिशेब बिघडू शकतो, वर्षभराने कार्डच धोक्यात येतं. एरवी ग्रीनकार्डनंतर पाच वर्षांनी तो नागरिक होऊ शकतो. नागरिकाच्या बायकोला मात्र कोट्याची रांग नसते.

मी व्हिसाचा विषय बाजूला ठेवला आणि विचारलं, ही वर्षं केतकी राहणार कुठे, कमावणार काय, खर्च कोण देणार? त्यावर तासभर भांडण झालं, आणि ते फार बरं झालं. पावतीची प्रत तिच्या मेलवर आली. तिने बाणेरमध्ये नोकरी धरली. वॉर्ड ऑफिसातली लग्ननोंदणी "जाताना करू" म्हणून राहिली होती, ती निखिल दिवाळीत आला तेव्हा उरकली. घर दाखवणं बंद झालंय. तारखा मागे गेल्या की दोन दिवस अबोला असतो, तेवढा चालायचाच.

कोथरूडला राहायचं की बाणेरला भाड्याने, हे अजून ठरायचं आहे. "सून असून वेगळी राहिली तर लोक काय म्हणतील" हे सासूबाईंचं म्हणणं केतकीच्या तोंडूनच ऐकलंय. आता त्यांनाही बोलावलं आहे.