वाडीच्या हिश्श्यावरून भावाशी अबोला आहे, वसईच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलचं वाचन करू का?

हो, वाचन स्वीकारा, पण त्या रविवारच्या आत भावाच्या दारात एकदा स्वतःहून जाऊन या. बायबलमधलं मत्तय ५:२३-२४ स्पष्ट आहे: भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी समेट करा. कसं जायचं तेही मत्तय १८:१५-१६ मध्ये आहे: आधी एकट्याने, नाही ऐकलं तरच एक-दोघांना घेऊन. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. पहिल्याच दिवशी काका-मामांना घेऊन जातात, चारचौघांत भावाला कमीपणा वाटतो आणि बोलणं तिथेच तुटतं. वाडीच्या हिश्श्याचा विषय त्या दिवशी काढूच नका. दुखावलं त्याची माफी मागा, तेवढं पुरे. त्याने दार लावलं तरी तुमचं पाऊल वाया जात नाही. मात्र क्षमा म्हणजे हक्क सोडणं नव्हे. मोजणी, सातबाऱ्यावरची नोंद, दावा चालू ठेवता येतो. मनात जाणूनबुजून द्वेष धरला असेल, त्याचं वाईट व्हावं असं वाटत असेल, तर आधी प्रायश्चित्त संस्कार (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) घ्या. वाचनाचा उतारा तीन-चार दिवस आधी मागून घ्या आणि मोठ्याने वाचा. जुन्या करारातली नावं ऐनवेळी अडखळवतात.