सातारा परिसरातील डोंगरांचे माथे सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे का असतात?

हे डोंगर जमिनीला घड्या पडून वर आलेले नाहीत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून येथे विस्तीर्ण पठार तयार झाले आणि पुढे कृष्णा, वेण्णा, उरमोडी या नद्यांनी ते कोरून काढल्यावर जे मधे उरले, त्यालाच आज आपण डोंगर म्हणतो. सर्व थर सारखे कठीण नसतात; घट्ट बेसाल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचा, उभा कडा टिकून राहतो, तर सच्छिद्र थर लवकर झिजून उतार बनतो, आणि पायऱ्या त्यातूनच घडतात.

घाटरस्त्यासाठी फोडलेली दरड थांबून अवश्य पाहावी. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटत गेलेले गोल धोंडे आणि त्यांभोवतीचा मुरूम तेथे बऱ्याचदा दिसतो. सांध्यांत, म्हणजे खडकातील भेगांत, मुरलेल्या पाण्याने खडकाचे कोपरे आधी कुजवल्याची ती खूण असते.

साताऱ्याजवळच्या कास पठाराच्या माथ्यावर मात्र जांभा हा तांबूस खडक आहे. दीर्घकाळच्या उष्ण, दमट हवामानात बेसाल्टमधील चुना, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका पाण्याबरोबर निघून गेली, लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली आणि उघड्यावर वाळून टणक झाली. या कवचामुळे माथा सपाट राहतो. त्यावर मातीचा थर अगदी पातळ असल्याने झाडे सहसा मोठी होत नाहीत, आणि म्हणूनच तेथील रानफुलांना मोकळी जागा मिळते. त्या पातळ मातीवरून चालणे टाळावे, ही कळकळीची विनंती, कारण ती तयार व्हायला फार मोठा काळ लागलेला आहे.