व्हीईजीएफची तपासणी करावी का?

प्रश्न : माझ्या मोठ्या बहिणीचं (वय ५२) महिन्यापूर्वी स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. ईआर, पीआर (गाठीतले हार्मोन-ग्राहक) आणि हर-२ (गाठ वाढवणारं एक प्रथिन) यांचे रिपोर्ट आलेत. एका लॅबवाल्याने सांगितलं की रक्तातलं ‘व्हीईजीएफ’ही बघून घ्या, आजार उलटेल का ते कळतं. करावं का? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : उपचार ठरवायला म्हणून करू नका. लॅबवाला अगदीच हवेत बोलत नाहीये, हेही खरं. गाठ एक-दोन मिलिमीटरपुढे वाढायची तर तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात, हे अमेरिकन सर्जन जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं. त्या वाहिन्या तयार करवून घेणारं मुख्य प्रथिन म्हणजे व्हीईजीएफ. ते जास्त असलेल्या रुग्णांत आजार जास्त उलटतो, असं काही अभ्यासांत दिसलं, काहींत नाही.

घोडं पेंड खातं ते मोजमापात. रक्त गोठताना प्लेटलेट्समधून व्हीईजीएफ बाहेर पडतं. त्यामुळे एकाच बाईचा आकडा लाल झाकणाच्या नळीतल्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या द्रवात) जास्त येतो, रक्त गोठू न देणाऱ्या जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीतल्या प्लाझ्मात कमी. जखम भरतानाही शरीर हेच प्रथिन बनवतं, म्हणजे ऑपरेशननंतर महिन्याभरात आलेल्या आकड्याचा अर्थ लावायचा तरी कसा? किती म्हणजे जास्त, यावरही एकमत नाही. व्हीईजीएफ अडवणाऱ्या बेव्हासिझुमॅब या औषधालाही अमेरिकेत २००८ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी मिळालेली मंजुरी आयुष्य वाढत नसल्याने २०११ मध्ये काढून घेतली गेली.

त्यापेक्षा हातातला रिपोर्ट नीट वाचा. ईआर नुसतं पॉझिटिव्ह नको, टक्के हवेत. १ ते १० टक्के म्हणजे ‘लो पॉझिटिव्ह’. हर-२ दोन प्लस (म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही) असेल तर फिश ही जनुकाची तपासणी झालीच पाहिजे. ग्रेड, गाठीचा आकार, काखेतल्या किती लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) तपासल्या आणि किती बाधित, हेही बघा. काढलेला नमुना फॉर्मलिनमध्ये (तो टिकवणाऱ्या द्रावणात) ६ ते ७२ तास होता का, ते विचारा. काढलेला भाग न चिरता तसाच बुडवला तर फॉर्मलिन आतपर्यंत पोचत नाही आणि ईआर खोटाच निगेटिव्ह येऊ शकतो. तसं झालं तर ईआर पॉझिटिव्ह असणाऱ्यांना मिळणाऱ्या हार्मोनच्या गोळ्याच हुकतात!

शंका असेल तर खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या (टाटा मेमोरियलचं कर्करोग केंद्र) ठिकाणी दुसरं मत घेताना पहिल्या लॅबकडून स्लाइडबरोबर मेणाचा ब्लॉकही (गाठीचा तुकडा बसवलेली मेणाची वडी) मागून घ्या. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी जुळतोय का ते काउंटरवरच तपासा, आणि तो उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.