वाद्यांचं दुकान विकताय? आधी माळ्यावरचा माल उतरवा

दादा, गिऱ्हाईक शोधायच्या आधी प्रत्येक नग हातात घ्या. तंबोऱ्याच्या भोपळ्याला चीर गेलीय का, पेटीचा भाता हवा धरतो का, तबल्याच्या शाईला, म्हणजे मधल्या काळ्या गोलाला, तडे गेलेत का, सगळं बघा. चालणारा माल खरेदीच्या भावाने लावा. वर्षानुवर्षं न हललेला वेगळा काढा आणि घेणाऱ्याला तसं स्पष्ट सांगा. लपवलेला पडीक माल मोजणीच्या दिवशी बाहेर येतोच, मग तुमच्या कुठल्याच आकड्यावर त्याचा विश्वास बसत नाही.

जागा पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे भरून कमी भाड्याने घेतलेली असेल तर घरमालकाशी आधी बोला. भाडेपावती नव्या नावावर करताना तो हिस्सा मागतो. तो धरूनच किंमत ठरवा.

जीएसटी नंबर तुमच्या पॅनला जोडलेला, तो विकता येत नाही. पण चालू धंदा देण्यांसह दिलात तर खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्मने नव्या मालकाकडे वळवता येतं. सीएचं प्रमाणपत्र लागतं. नोंदणी रद्द करण्याआधी हे उरका.

खरी मोलाची आहे ती दुरुस्तीची वही. कुठल्या क्लासच्या तबल्यांना कधी पुडी (वरचं कातडं) लागते, कुणाच्या सतारीची जवारी (तारांचा गुंजता नाद) मिरजेचा कुठला कारागीर काढतो, हे सगळं तिच्यात असतं. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण चांगला हात आजही ओळखीनेच मिळतो. म्हणून नव्या मालकाला तुम्ही स्वतः मिरजेला घेऊन जा. वही मात्र इसार हातात पडल्यावरच दाखवा.