बेळगावात घराभोवतीच्या बागेची उन्हाळ्याच्या तोंडावर काय काय निगा राखावी?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून येऊन टिळकवाडीत जुनं कौलारू घर घेतलंय, भोवती दोन-अडीच गुंठे जागा, एक आंबा, दोन नारळ, मोगरा, जास्वंद, चाळीसेक कुंड्या. रोज संध्याकाळी पाणी घालूनही मार्च लागताच सगळं माना टाकायला लागलंय. मी अनगोळला राहतो, असंच अंगण बरीच वर्षं सांभाळतोय. माझ्या चुकांसकट सांगतो.

ते रोजचं पाणी आधी बंद करा. पाइप धरून पाच मिनिटं शिंपडलेलं पाणी वरचे दोन बोटं भिजवतं आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या आत उडून जातं. मुळं मग वरच राहतात आणि भाजतात. मोडक्या छत्रीची एक काडी घ्या आणि जमिनीत खुपसून बघा. ओल असेल तिथवर सरळ जाते, कोरडं लागलं की अडते. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा रोज पाणी घातलेल्या मोगऱ्याखाली काडी दीड इंचावर थांबली होती. आता आठवड्यातून दोनदाच घालतो, पहाटे, पण काडी वीतभर जाईपर्यंत.

आणि बुंध्याशी पाणी नको. आमच्याकडे कामाला येणाऱ्या वडगावच्या मावशी मला एकदा म्हणाल्या, "अवो, बुंध्याला कशाला पाणी घालूलायसा? झाड काय बुंध्यानं पितंय काय?" आंब्याची पाणी पिणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात. दुपारी बारा वाजता सावली जिथं संपते, तिथं गोल चर काढा आणि त्यात पाणी सोडा. फळं वाटाण्याएवढी झाली असतील तर आता द्यायला हरकत नाही, अजून मोहरच असेल तर थांबा, नाहीतर मोहर गळून नुसती पालवी येईल. नारळाला मात्र हात आखडू नका. मोठ्या झाडाला आळ्यात चार दिवसांनी 200 लिटर पाणी लागतं. नळाला पाणी कधी येतं यावर आपलं अर्धं वेळापत्रक ठरतं हे तुम्हाला कळलं असेलच, त्यामुळे तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवा. कपड्यांच्या साबणाचं पाणी केळीला आणि कर्दळीला चालतं, कुंड्यांना नको.

आता खरं काम. टिळकवाडी, हिंदलगा, खाली खानापूरपर्यंत माती तांबडी. पाणी भरभर खाली जातं आणि वरचा थर तव्यासारखा तापतो. अशी माती उघडी ठेवली तर कितीही पाणी घाला, पुरत नाही. ती झाका. ऊसतोडणी उरकत आलेली असते, उसाचं पाचट कुणा शेतकऱ्याकडून गाडीभर मिळतं, बरेच जण ते शेतातच जाळून टाकतात. ते नाही मिळालं तर आंब्या-फणसाचा पाला आहेच. शिमग्याला गल्लीतली पोरं तो होळीसाठी मागायला येतात, त्यांना वाळलेल्या फांद्या द्या, पाला देऊ नका. चार बोटं जाडीचा थर घाला, खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडून, नाहीतर वाळवी थेट सालीवर चढते. तांबड्या मातीत वाळवी नाही असं अंगण मी अजून पाहिलेलं नाही. आठ दिवसांनी भर दुपारी पाचट बाजूला करून हात लावा. बाजूच्या फरशीवर पाय ठेववत नसतो आणि इथं माती माठासारखी गार लागते.

हात लावा म्हटलं, पण आधी काठीनं हलवून. विटांचे ढीग, जुनी कौलं, सरपण यांच्या गारव्याला नाग आणि मण्यार येतात. असले ढीग आत्ताच हलवा आणि पाचट भिंतीला टेकवू नका.

खणू नका हेही सांगायला हवं. पहिल्या वर्षी "मातीत हवा खेळावी" म्हणून मी मार्चमध्ये गुलाबाभोवती फावड्यानं वीतभर खणलं. निम्मे गेले. खुरप्यानं वरचा पापुद्रा मोडणं वेगळं. अथणी-रायबागकडच्या काळ्या मातीत भेगा पडतात, तिथं ते आवश्यकच. शेतकरी म्हणतात ना, एक कोळपणी अर्धं पाणी. छाटणीही आता नको. मोगऱ्याची छाटणी जानेवारी-फेब्रुवारीतच व्हायला हवी होती, आता कळ्या धरायच्या दिवसांत कात्री लावली तर फुलंच जातील. जास्वंदीवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर पाण्याचा जोरात फवारा मारा, मग लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, तेही ऊन उतरल्यावर. हिरवळ असेल तर उंच ठेवा. कुंड्या सिमेंटवरून उचलून आंब्याच्या सावलीत एकमेकींना चिकटवून मांडा, खालच्या ताटल्या आठवड्याला रिकाम्या करा, डास होतात.

दुसरा टप्पा वळवाचा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कधीही दुपारी तीनला आभाळ भरून येतं आणि अर्ध्या तासात वारा, गारा, सगळं होऊन जातं. शेवगा असला तर शेंगा उतरल्या की तो छातीएवढा ठेवून तोडा, वाऱ्यात हमखास मोडतो आणि पुन्हा फुटतोही झकास. तारांवर आलेल्या फांद्यांना मात्र स्वतः हात लावू नका, वीज कंपनीला कळवा.

कौलं परतवणं, फुटकी बदलणं, पन्हळीतला पाला काढणं, हे एप्रिलच्या मध्याआधी उरकून घ्या. हे मी कळकळीनं सांगतोय. एकदा वळीव पडला की खेड्यांतली माणसं नांगरटीला आणि मेअखेरीस भाताच्या धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतल्या, पेरणीला जातात. मग तुम्ही दुप्पट मजुरी देतो म्हटलात तरी "बघू, पेरणी झाल्यावर" एवढंच ऐकू येतं, आणि पेरणी झाल्यावर जून आलेला असतो. एका वर्षी मी देवघरात तीन पातेली मांडून पूजा केली आहे.

अक्षय्य तृतीयेला वेलभाज्यांची आळी घालायची पद्धत माहीत असेलच. दोडका आणि काकडी कंपाउंडच्या भिंतीवर चांगली चढते, तेवढी जागा आत्ता कुंड्या मांडताना मोकळी सोडा.