'द सिम्पसन्स' की 'फ्रेंड्स', आधी काय पाहावं?
मला विचाराल तर 'द सिम्पसन्स'. फक्त पहिल्या भागापासून सुरू करू नका. १९८९ मध्ये आलेली ही कार्टून मालिका तिसऱ्या सीझनपासून खरी रंगात येते आणि आठव्यापर्यंत नुसती धमाल आहे. चौथ्या सीझनमधला मोनोरेलचा भाग तर आधी बघाच. अमेरिकी विनोदवीर कोनन ओब्रायननं लिहिलाय, स्वतःचा टॉक शो मिळायच्या आधी. अख्खं गाव एका गाणाऱ्या ठकसेनाच्या नादी लागतं! हे खऱ्या सेटवर करायचं तर निर्मात्याचं दिवाळं निघेल. शिवाय त्यातला पोरगा बार्ट कायम १० वर्षांचाच. खऱ्या नटांच्या विनोदी मालिकांमधली पोरं मोठी होतात आणि लेखकांची पंचाईत होते.

'फ्रेंड्स' वाईट नाही हो, त्यातल्या चँडलरसाठी मी कधीही लावेन. पण रॉस-रेचल या जोडीचं रडगाणं १० सीझन ताणलंय. त्यापेक्षा 'साइनफेल्ड' बघा. चौघंही मुख्य पात्रं आपमतलबी, शेवटपर्यंत कुणी सुधारत नाही, हीच त्यातली मजा.

'बोजॅक हॉर्समन' ही घोडा नायक असलेली, मोठ्यांसाठीची कार्टून मालिका अप्रतिम आहे, पण हलकंफुलकं काही हवं असेल तर लावू नका. आणि घोडा दिसतोय म्हणून लहान मुलांना सोबत घेऊन तर अजिबात बसू नका.